कुरकुर नेमकी कुठली? गाडी गॅरेजला नेण्याआधीची तयारी

जून ते सप्टेंबर खड्ड्यांतून चाललेली गाडी ऑक्टोबरात कुरकुरायला लागते. मग आपण ती गॅरेजात नेतो आणि ‘सस्पेन्शन वाजतंय, बघा जरा’ एवढंच सांगतो. मीही तेच केलं होतं. पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलून झाले, पैसे गेले, आणि घरी येताना पहिल्याच स्पीड ब्रेकरवर तोच आवाज. दोष निघाला लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) एका वाळक्या रबरी बुशात, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या रबरी गादीत. तेव्हापासून आवाजाची जागा सापडल्याशिवाय मी एकही पार्ट घेत नाही. दिवाळीला गावी गाडी न्यायची असेल, तर त्याआधीची एक कोरडी सकाळ यासाठी राखून ठेवा.

कोरडी म्हणतोय ती मुद्दाम. ओलं रबर सहसा आवाज करत नाही. भर पावसात गप्प असलेली आणि ऊन पडल्यावर करकरायला लागलेली गाडी बहुतेक वेळा रबराकडेच बोट दाखवते. सकाळी गार असताना जास्त आणि गाडी चालल्यावर कमी होत असेल, तरी संशय तिकडेच.

आदल्या रात्री डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनीचा बोल्ट घट्ट आहे का पाहा, जॅक आणि व्हील पाना जागेवर नीट बसवा. बॅटरीची पट्टी, नंबर प्लेट, सायलेन्सर लटकवलेले रबर हेही हाताने हलवून पाहा. ‘सस्पेन्शनचा’ म्हणून आलेला आवाज कितीदा तरी इथेच सापडतो. सकाळी टायर गार असताना हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं.

मग ओळखीच्या रस्त्यावर एक फेरी मारा. खिडक्या उघड्या, पंखा आणि गाणी बंद. शेजारी कुणालातरी बसवा, कारण चालवणाऱ्याच्या कानाला आवाज अनेकदा स्वतःच्या बाजूनेच आल्यासारखा वाटतो. प्रत्येक वेळी काय चाललं होतं ते शेजारच्याने मोबाइलमध्ये लिहायचं: स्पीड ब्रेकर चढताना की उतरताना, वळताना की ब्रेक दाबताना, पुढून की मागून. शक्य असेल तर आवाज रेकॉर्डही करा.

आवाजाची जातही लिहा, त्यावरून निम्मा तपास होतो. जुन्या दाराच्या बिजागरीसारखी लांब कुर्रर्र असेल तर बुश. बारीक खड्ड्यांवर हलकी खटखट असेल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी दांडी) लिंक रॉडचे सांधे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना टण्ण करून स्प्रिंग उसळल्यासारखं वाटलं, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरची एकत्र जोडणी) वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात धप्पकन आदळत असेल तरच शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा विचार आधी करावा. चाक फिरतं तशी चीं-चीं येत असेल तर ब्रेक पॅड आधी पाहा. बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक छोटी पट्टी असते, ती पॅड झिजल्यावर डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते.

घरी आलात की सपाट जागेवर गाडी लावा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की चाकामागे हात जाईल एवढी जागा होते. एकाने बोनेटचा कोपरा दाबून गाडी वर-खाली करायची, दुसऱ्याने लिंक रॉड, मग लोअर आर्म असा एकेका भागावर हात ठेवायचा. दोषी भागातली थरथर हाताला कळते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोटं मात्र कधीच घालू नका. सोडल्यावर कोपरा एकदा वर येऊन थांबला पाहिजे. तो झुलतच राहिला किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसले, तर तो गेला. स्विफ्ट, आय-टेन यांसारख्या छोट्या गाड्यांत मागे एकच आडवी बीम असते. मागून आवाज येत असेल तर तिच्या दोन टोकांचे मोठे बुश पाहायला विसरू नका.

माझी सगळ्यात आवडती परीक्षा अगदी स्वस्त आहे. कुंडीतल्या झाडांवर पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या. एकाच बुशवर पाणी मारा, गाडी दाबा, ऐका. मग पुढचा बुश. ज्यावर पाणी पडताच कुरकुर थांबली, तो तुमचा. इथे हाताशी तेल किंवा ग्रीस असलं तरी लावू नका. बैलगाडीच्या आसाला वंगण हवं असतं, पण खनिज तेलाने बुशमधलं रबर फुगतं आणि मऊ पडतं. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच. आवाज थांबतो आणि आपली फसवणूक होते. लावायचंच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे, आणि तोही गावी जाऊन येण्यापुरता. चिरलेलं रबर त्याने सांधत नाही.

आता सुरक्षिततेची तपासणी, आणि ही टाळू नका. जॅकवर चाक उचला, खाली जॅक स्टँड (वजन पेलणारा पक्का टेकू) लावा. विटा फुटतात आणि जॅक सरकतो, म्हणून नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंही घालायचं नाही. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटचा (लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा) संशय. ९ आणि ३ वर धरून खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) पाहावा लागेल. बॉल जॉइंट ढिला असेल तर घाटात सोडाच, बाजारातही गाडी नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. तो निखळला तर चाक आडवं होतं. स्ट्रटच्या वरचा मधला नटही घरी कधी सोडू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती काढायला वेगळं अवजार लागतं.

गॅरेजात जाताना रेकॉर्डिंग आणि टिपणं घेऊन जा, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तोच खड्डा दाखवा. लिंक रॉडचा संशय असेल तर दोन्ही बाजूंचे लिंक सोडून हळू फेरी मारायला सांगा; खटखट गेली तर पक्कं झालं. शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचे तर पुढचे असोत वा मागचे, त्या अ‍ॅक्सलचे दोन्ही. लोअर आर्मचा नुसता बुश मिळतो का, हे विचारा.

आणि एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचं वजन चाकांवर हवं. हवेत लटकलेल्या चाकावर ते आवळले, तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. माझा पहिला बदललेला बुश याच कारणाने वर्षभरात गेला. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट (कोनांची जुळवणी) करून घ्या, जुना पार्ट मागून घेऊन त्याची चीर डोळ्यांनी पाहा, आणि १०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.