इ.स. १००० च्या जगाचा कालपट भिंतीवर कसा मांडावा

इ.स. १००० च्या सुमारास जगात काय चालले होते, असे वर्गात विचारले की मुले गझनीच्या महमुदाचे नाव घेतात आणि तिथेच थांबतात. त्यापुढे जायचे असेल, तर भिंतीवर एक कालपट मांडावा. खानापूर, निपाणी किंवा बेळगाव भागातील मराठी शाळेत अथवा वाचनालयात हे काम आठवडाभरात होण्यासारखे आहे. मात्र सुरुवात रोमपासून किंवा बगदादपासून न करता आपल्या भागातील दगडापासून करावी, कारण ‘१०००’ हा आकडा त्या काळी इथे कोणीच मोजत नव्हते.

पहिले काम सनांची जुळणी करण्याचे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून इ.स. १००० चे पहिले दोन-अडीच महिने शक ९२१ मध्ये जातात आणि उरलेले वर्ष शक ९२२ मध्ये. पहिल्या खेपेस मी संपूर्ण वर्षावर शक ९२२ लिहून मोकळा झालो होतो, आणि ती पट्टी नंतर फाडून पुन्हा करावी लागली.

जुळणी बरोबर आहे की नाही, हे संवत्सराच्या नावावरून पडताळता येते. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी जितकी उरेल तितवे संवत्सर, प्रभव हे पहिले धरून. (बाकी शून्य आली तर साठावे, म्हणजे क्षय.) ९२२ अधिक १२ म्हणजे ९३४, बाकी ३४, आणि चौतिसावे संवत्सर शार्वरी. टाळेबंदीत घरातल्या घरात साजरा झालेला २०२० चा पाडवा ज्यांना आठवतो, त्यांनी त्या वर्षीच्या पंचांगात हेच नाव वाचले असेल; मधल्या १०२० वर्षांत साठ वर्षांच्या बरोबर सतरा फेऱ्या झाल्या. अलिबागजवळच्या अक्षी येथील मराठी शिलालेखावर हाच हिशेब मुलांकडून करून घ्यावा. लेखाचे वर्ष शक ९३४, म्हणजे बाकी ४६, संवत्सर परिधावी, आणि दगडावरही तेच नाव थोड्या वेगळ्या रूपात कोरलेले आहे.

आपल्या भागातील लेख बहुतेक हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कानडीत आहेत, तेव्हा शेजारच्या कानडी शाळेतील गुरुजींना सोबत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सौंदत्तीचा रट्ट घराण्यातील शांतिवर्म्याचा लेख शक ९०२ चा, म्हणजे इ.स. ९८० चा आहे, आणि तो आपल्या पटावरचा पहिला खिळा ठरू शकतो. इथे एक खाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याने १०७६ मध्ये स्वतःचा शक सुरू केला, आणि त्यानंतरच्या अनेक लेखांत ‘चालुक्य विक्रम वर्ष’ आढळते. त्यात १०७५ मिळवावे लागतात. शकांचे पहिले सहस्रक पुरे होत होते ते इ.स. १०७८ मध्ये, पण चालुक्यांच्या या नव्या मोजणीत ते वर्ष फक्त तिसरे होते.

आता पट आखावा. इ.स. ९५० ते १०५० ही शंभर वर्षे घेऊन एका वर्षाला दोन सेंटिमीटर दिले की पट्टी दोन मीटरची होते. कार्डशीट जोडून ती सहज बनते. दख्खनची ओळ मधोमध ठेवून बाकीचे प्रदेश तिच्या वर-खाली घ्यावेत. सन पक्का असेल तिथे टाचणी लावावी, अंदाजाचा असेल तिथे नुसती पेन्सिलीची छटा द्यावी.

दख्खनच्या ओळीत ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथवली, ९९७ मध्ये त्याचा मुलगा सत्याश्रय गादीवर आला, आणि मुधोळचा कवी रन्न त्याच्याच दरबारी होता. दक्षिणेस पहिला राजराज चोळ (९८५ ते १०१४) आणि त्याचे १०१० मध्ये पूर्ण झालेले तंजावरचे मंदिर. नागपट्टणम येथे श्रीविजयाच्या राजाने बांधवलेल्या बौद्ध विहाराला राजराजाने गाव दान दिले, म्हणून तिथून सुमात्रापर्यंत एक दोरा ताणावा. समुद्रापलीकडचे जग आपल्याशी जोडलेले होते हे तेवढ्यावरून दिसते.

चीनच्या ओळीला जागा जास्त ठेवावी, असे माझे मत आहे. काइफेंगला सोंग घराण्याचा सम्राट झेनझोंग राज्य करीत होता. ९७१ ते ९८३ या काळात बौद्ध ग्रंथांचा संपूर्ण संग्रह छापण्यासाठी सिचुआनमधील चेंगदू येथे सुमारे १,३०,००० लाकडी ठसे कोरले गेले. १००५ च्या आरंभी उत्तरेकडील ल्याओ राज्याशी तह झाला आणि दरसाल एक लाख टेल (चिनी वजनाचे माप) चांदी व दोन लाख ताके रेशीम देण्याचे ठरले. १०१२ मध्ये, म्हणजे अक्षीचा लेख कोरला गेला त्याच वर्षी, झेनझोंगने चंपा देशातील (आजचा मध्य-दक्षिण व्हिएतनाम) लवकर येणाऱ्या भाताचे बियाणे शेतकऱ्यांना वाटवले. हळवे आणि गरवे भात यांतला फरक खानापूरच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

पश्चिमेकडे सुमारे १००० मध्ये अल्बेरुनी कास्पियन समुद्राजवळच्या गुरगाणच्या दरबारी बसून निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांची तुलना करीत होता, म्हणजे आपण आज करतो तेच काम. इब्न सिना तेव्हा बुखाऱ्यात विशीचा होता. कैरोत फातिमी खलिफा अल-हाकिम, कॉन्स्टँटिनोपलला बायझंटाईन सम्राट दुसरा बेसिल, रोममध्ये गणितात मुरलेला पोप दुसरा सिल्व्हेस्टर. जगबुडीच्या भीतीने सारा युरोप थरथरत होता, ही कथा पुष्कळशी नंतरच्या लेखकांनी रंगवलेली आहे. ती पटावर लिहू नये.

अमेरिकेच्या ओळीत एक टाचणी अगदी खात्रीने लावता येते. कॅनडातील न्यूफाउंडलँड येथे नॉर्स (उत्तर युरोपातील दर्यावर्दी) लोकांनी धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडात ९९३ च्या वैश्विक किरणांच्या वादळाची खूण असलेले वर्तुळ सापडले. तिथून सालीपर्यंत २८ वर्तुळे मोजली आणि तोडीचे वर्ष १०२१ निघाले. हे सांगताना कापलेल्या ओंडक्याची चकती वर्गात आणून ठेवावी. आफ्रिकेत घाना राज्याचा सोने-मिठाचा व्यापार भरात होता. तिथे छटाच पुरे.

शेवटी १००० च्या जागी उभी तांबडी रेघ ओढून तिच्याखाली प्रत्येक ओळीत त्या लोकांचे स्वतःचे वर्ष लिहावे: चीनमध्ये झेनझोंगच्या शियानपिंग या कालगणनेचे तिसरे, कैरोत हिजरी ३९०, कॉन्स्टँटिनोपलला (सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या मोजणीने) ऑगस्टअखेरपर्यंत ६५०८, आणि आपल्या ओळीत पाडव्यापर्यंत शक ९२१ विकारी, पुढे शक ९२२ शार्वरी. ‘इ.स. १०००’ ही चिठ्ठी फक्त युरोपच्या ओळीत चिकटवावी.