दोरा कप्पीत शिरत नाही? टोकालाच सुई करा

जहाजाच्या मॉडेलला दोर चढवताना सगळ्यात जीव खातं ते कप्पीचं अर्ध्या मिलिमीटरचं भोक. थुंकी लावून पीळ दिलेलं टोक दुसऱ्या कप्पीपाशी परत फुलतंच.

१. दोरा मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा, म्हणजे लव बसते. शेवटचे २ इंच मात्र कोरे ठेवा. मेणावर गोंद मुरत नाही.
२. कोऱ्या टोकाला टाचणीने फेविक्विकचा इवलासा थेंब लावा. दोरा ताणून मिनिटभर धरा.
३. कडक झालं की नव्या ब्लेडने तिरकं कापा. बोथटलं की पुन्हा तिरकं. (कात्री नको, टोक चेपतं.)

सांडलेलं फेविक्विक कापसाने पुसू नका. कापूस एकदम तापतो, धूर निघतो, चटका बसतो.