उच्चारता येणाऱ्या पासवर्डची पायथन लायब्ररी पॅकेज करताना

आधी कोड तपासा. पायथनचे यादृच्छिक आकडे देणारे 'रँडम' मॉड्यूल इथे चालत नाही, कारण त्याचे पुरेसे आकडे हाती आले की पुढचे काढता येतात. गुपितांसाठी बनवलेले 'सीक्रेट्स' मॉड्यूलच वापरा. १६ व्यंजने आणि ४ स्वर घेतले तर व्यंजन-स्वराच्या एका जोडीच्या ६४ शक्यता, म्हणजे ६ बिट (पासवर्ड ओळखणे किती कठीण, याचे माप); १२ जोड्यांचे ७२ बिट. वापरणाऱ्याकडून लांबी अक्षरांत नव्हे, बिटांत मागावी, हे आमचे ठाम मत.

कोड 'एसआरसी' फोल्डरमध्ये ठेवा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पासवर्ड ज्यांतून जुळतो त्या अक्षरखंडांच्या यादीचा. ती मजकूर फाइल 'व्हील'मध्ये, म्हणजे इन्स्टॉल करायच्या तयार पॅकेज फाइलमध्ये, गेलीच नाही, तर तुमच्या मशीनवर सारे ठीक चालते आणि दुसऱ्याकडे फाइल सापडत नाही. पॅकेज बांधायला सेटअपटूल्स हे साधन असेल तर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमधल्या 'पॅकेज-डेटा'त तिची नोंद करा. वाचायला 'इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस'मधले 'फाइल्स' घ्या; त्यासाठी किमान पायथन ३.९ लागते.

बिल्ड झाल्यावर व्हील नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, कोऱ्या जागेत) बसवा आणि प्रकल्पाच्या फोल्डरबाहेरून चालवून पाहा. मग टेस्टपायपीआय या सरावाच्या साइटवर चढवा, नंतरच पायपीआय या पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर. तिथे एकदा चढवलेले फाइलनाव, फाइल पुसली तरी, पुन्हा वापरता येत नाही. आवृत्ती क्रमांक वाढवावाच लागतो.