जलचरांना त्रास न देणारे दिवे घरात कसे लावावेत

घरातला बल्ब आणि पाण्यातला मासा यांची गाठ दोन जागी पडते: वीज तयार होते तिथे आणि उजेड पडतो तिथे. बरेच जण पहिल्या जागेचा विचार करून एलईडी आणतात आणि दुसऱ्या जागी नवीच डोकेदुखी उभी करतात. दोन्ही सांभाळायचे, तर या क्रमाने जा.

१. आधी हिशेब मांडा

प्रत्येक दिव्याचे वॅट आणि तो रोज किती तास जळतो, ते कागदावर टिपा. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब साधारण ८०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचे माप) उजेड देतो. तेवढाच उजेड ९ वॅटच्या एलईडीतून मिळतो, कारण जुन्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत वाया जाते. रोज पाच तास धरले तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे अर्धा किलो किंवा त्याहून जास्त कोळसा लागतो. म्हणजे एका होल्डरमागे वर्षाकाठी पन्नासेक किलो!

आता यात मासे कुठे आले? टर्बाइन फिरवून आलेली वाफ थंड करायला पाणी लागते. अनेक केंद्रे ते थेट नदीतून किंवा समुद्रातून खेचतात. त्यासोबत अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्ले आत जातात, मोठे मासे जाळीवर अडकतात. परत सोडलेले पाणी कोमट असते. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि उबेत माशाला प्राणवायू नेमका जास्त लागतो. शिवाय कोळशातला पारा धुरावाटे हवेत जातो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो आणि छोट्या माशाकडून मोठ्या माशाकडे साठत जातो.

२. जास्त जळणारा दिवा आधी बदला

स्वयंपाकघर, बैठकीची खोली, जिना. माळ्यावरचा पाच मिनिटांचा बल्ब राहू द्या. खरेदी करताना खोक्यावरचे लुमेन बघा, नुसते वॅट नव्हे.

३. सीएफएल कचऱ्यात टाकू नका

त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुटलाच तर खिडक्या उघडा, काही वेळ खोलीबाहेर थांबा, मग तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत बंद करा. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका.

४. रंग नीट निवडा

खरी गफलत इथे होते. पाण्यात लाल उजेड वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा मात्र खोलवर जातो. आणि पांढऱ्याशुभ्र, ६५०० केल्विनच्या एलईडीत निळा भरपूर असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप: आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर). तळ्यातल्या पाणपिसवा, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अंधार पडला की वर येऊन शेवाळ खातात. रात्री उजेड राहिला तर त्या खालीच थांबतात आणि वर शेवाळाला खाणारे कमी उरते. क्लाउनफिशची अंडी रात्रभर उजेडात ठेवली तेव्हा ती फुटलीच नाहीत, असे प्रयोगात दिसले आहे. कासवाची पिल्ले तर उजळ क्षितिजाकडे चालतात, म्हणजे समुद्र सोडून घराकडे.

म्हणून २७०० केल्विन किंवा त्याहून कमी घ्या. पाणी जवळ असेल तर बाहेर अंबर रंगाचा दिवा उत्तम. पांढरा एलईडी दर वॅटला थोडा जास्त उजेड देतो हे खरे, पण तो फरक किरकोळ आहे. माझ्या मते तेवढी वीज खुशाल जाऊ द्यावी.

५. उजेड खाली वळवा, वेळेत बंद करा

बाहेरच्या दिव्याला वरून झाकण असावे. वर गेलेला उजेड ढगांवरून परततो, त्यामुळे दूरचे तळेही सुटत नाही. माणूस आला की लागणारा सेन्सर बसवा, रात्री पडदे ओढा. आणि एलईडी स्वस्तात जळतो म्हणून कुंपणभर माळा लावू नका. वाचलेली वीज तिथेच संपते. घरात मत्स्यटाकी असेल तर तिच्या दिव्याला टायमर लावा, दिवसाला आठ-दहा तास पुरे.

६. पाण्याकडून तपासा

अंधार पडल्यावर काठावर उभे राहून घराकडे बघा. जमिनीवर पडलेला उजेड दिसला तर ठीक. बल्बच डोळ्यांत आला, तर झाकण आणखी खाली ओढा आणि पुन्हा काठावर या.