गाडी चालू होत नाही? आधी आवाज ऐका

परभणीत पारा पाच अंशांवर आला की पेपरात बातमी येते. इथं कॅनडात विनिपेग, सास्काटून, एडमंटनला जानेवारीत उणे ३० झालं तरी लोक डबा घेऊन कामावर निघालेले असतात. म्हणून लातूर-नांदेडकडून नव्यानं आलेल्यांनी गाडीचं हे प्रकरण ऑक्टोबरातच समजून घ्यावं. आपल्याकडचा चार जणांनी धक्का मारायचा उपाय मात्र विसरा. इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्या धक्क्यानं चालू होत नाहीत.

सकाळी सेल्फ मारला आणि गाडी उठली नाही, तर लगेच पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नका. आवाज ऐका. नुसती कटकट होते आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, तर बहुतेक बॅटरी उतरली. सेल्फ रडतरडत फिरतो, तर बॅटरी अर्धमेली किंवा ऑइल घट्ट. दिवे लख्ख पण सेल्फ गप्प, तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी बघा. खायच्या सोड्याचं पाणी आणि जुना ब्रश पुरतो. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर अर्धवट प्रयत्नांनी स्पार्क प्लग पेट्रोलनं ओले झाले असतील. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्यानं पेट्रोलचा फवारा थांबतो आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. इंजिन पकडलं की पाय काढा. बटणाच्या गाडीत रीत वेगळी असू शकते, पुस्तिका बघा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर त्याची मोटार जळते.

उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते, आणि घट्ट ऑइलमुळं इंजिन फिरवायला जोर तर जास्त लागतो. बॅटरीवर ‘सीसीए’चा आकडा असतो, तो याच उणे १८ ला ३० सेकंद किती अँपिअर देता येतील त्याचा. बदलताना गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. खरं तर बॅटरीला खंगवतो उन्हाळा. थंडी फक्त तिचं पितळ उघडं पाडते. चार वर्षं झाली असतील तर हिवाळ्याआधी तपासून घ्या.

शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घ्यायचा तर क्रम चुकवू नका. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला. काळी त्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ पडायला नको. त्याची गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर हातच लावू नका. भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे १० च्या आसपास गोठते, आणि गोठलेलीला करंट दिला तर ती फुटू शकते.

हे सगळं टाळायचं तर ब्लॉक हीटर. गाडीच्या जाळीतून लोंबणारी तीन पिनची वायर दिसते ती याचीच. तो इंजिनातलं कूलंट गरम ठेवतो, साधारण ४०० वॉटच्या पुढं वीज घेतो. उणे १५ च्या खाली गेलं की लावा. रात्रभर नको, निघण्याआधी तीन-चार तास पुरे. म्हणून टायमर घ्या. एक्स्टेंशन बाहेर वापरायची, १४ किंवा १२ गेजची घ्या. आकडा लहान तेवढी वायर जाड. प्लग लावल्यावर इंजिनाजवळ कान नेला तर बारीक सूं सूं ऐकू येतं. काहीच नसेल तर हीटर किंवा वायर तपासून घ्या. व्हँकुव्हरसारख्या कमी थंडीच्या भागातून आणलेल्या जुन्या गाडीत हीटर नसेलही, घेण्याआधी बघा. आणि निघताना वायर काढा! ती ओढत नेणारे दर हिवाळ्यात दिसतात. ब्लॉक हीटर बॅटरीला मात्र ऊब देत नाही. तिला वेगळं ब्लँकेट किंवा छोटा चार्जर लागतो.

बातम्यांतला ‘विंडचिल’, म्हणजे वाऱ्यामुळं जाणवणारी थंडी, उणे ४५ ऐकून गाडीची काळजी करू नका. तो आपल्या कातड्याचा हिशेब. इंजिन हवेच्या तापमानाखाली जात नाही, वाऱ्यानं फक्त लवकर गार होतं.

इंजिन ऑइल पुस्तिकेत चालत असेल तर ०डब्ल्यूचं (थंडीतही पातळ राहणारं, डब्यावर ‘0W’ लिहिलेलं) टाका. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली नको, रिकाम्या जागेतली वाफ पाणी होऊन लाइनीत गोठते. रोज पाच मिनिटांच्या फेऱ्या, त्यात हीटर आणि गरम सीट, एवढ्यानं बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोठ्या रस्त्यावर न्या. गाडी गरम करायला बंद गॅरेजात चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाहेर बर्फ पडला असेल तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, मगच सेल्फ मारा.