रिव्ह्यू लिहून जोडकमाई करायचीय? मग या चुका टाळा

घरबसल्या वस्तूंचे रिव्ह्यू लिहून खरंच पैसे मिळतात का, असं विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, बाळासाठी नोकरी सोडलेल्या आया असतात, निवृत्त मंडळीही असतात. पैसे मिळतात. पण ते कोण देतं आणि कशासाठी देतं, हे आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

सरळ वाटा मोजक्याच आहेत. तुमच्या लिंकवरून वाचकाने वस्तू घेतली की मिळणारं अफिलिएट कमिशन, तुमच्या ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे, आणि एखाद्या पोर्टलसाठी ठरलेल्या मानधनावर केलेलं लिखाण. वाचकाला तुमचं म्हणणं पटतं, म्हणून या तिन्ही ठिकाणी पैसे येतात. दुकानाच्या पानावर पाच तारे टाकण्याचे पैसे यात कुठेही बसत नाहीत. ताऱ्यांचे पैसे देऊ करणारा माणूस एकतर तुम्हाला फसवतोय, नाहीतर तुमच्या हातून दुसऱ्याला फसवतोय.

‘रेटिंग द्या, पैसे घ्या’ या कामाला हो म्हणणं

ही सगळ्यांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजने होते. ‘पार्ट टाइम काम, दिवसाला दोन ते पाच हजार, फक्त मोबाइल हवा.’ गूगल मॅप्सवरचं एखादं हॉटेल दिलं जातं. त्याला पाच तारे द्यायचे आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. मग यूपीआयवर खरोखर पन्नास, शंभर, दीडशे रुपये येतात. इथेच माणूस गाफील होतो. पैसे आले म्हणजे काम खरं, असं वाटतं.

मग टेलिग्राम ग्रुपवर घेतात. तिथे बाकीचे ‘सदस्य’ दिवसभर आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ती सगळी त्यांचीच माणसं. पुढचा टप्पा असतो ‘प्रीपेड टास्क’: हजार भरा, तेराशे मिळतील. एकदा मिळतातही. मग पाच हजार, वीस हजार, पन्नास हजार. एका वेबसाइटवर तुमच्या नावासमोर रक्कम वाढत जाताना दिसते, पण काढायला गेलं की ‘टास्क अपूर्ण आहे’, ‘क्रेडिट स्कोअर कमी पडतोय’, ‘आधी टॅक्स भरा’ अशी कारणं सुरू होतात. त्या पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. काम देणारा कामगाराकडून आगाऊ रक्कम मागत नाही, एवढी एकच खूणगाठ बांधली तरी पुढचं सगळं टळतं.

याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. सुरुवातीला तुमच्या खात्यात येणारे शेदोनशे रुपये बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक ते खातं किंवा त्यातली रक्कम गोठवू शकते. पगाराचं खातं असेल तर हप्ते, किराणा, मुलांची फी सगळंच अडतं. त्याच कारणासाठी ‘तुमचं खातं वापरायला द्या, टक्केवारी देतो’ म्हणणाऱ्यालाही चार हात लांब ठेवा.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका आणि ‘आणखी थोडे भरले की सगळे सुटतील’ या आशेवर अजिबात राहू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बँकेला कळवा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, त्यामुळे इथे तासातासाला महत्त्व आहे. यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट हे सगळं आधी जपून ठेवा आणि मगच ग्रुप सोडा. ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आमची फी भरा’ असं म्हणत जो नंतर येतो, तो बहुधा त्याच टोळीचा दुसरा माणूस असतो.

रिफंडच्या बोलीवर वस्तू मागवणं

हा प्रकार दिसायला सभ्य आहे. ग्रुपवर वस्तूंचे फोटो येतात. तुम्ही तुमच्या पैशाने ऑर्डर करायची, पाच तारे आणि दोन ओळी लिहायच्या, रिव्ह्यू झळकला की स्क्रीनशॉट पाठवायचा, मग पूर्ण किंमत परत. वस्तू फुकट. पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, शंभर रुपये कॅशबॅक मिळवा’ अशी चिठ्ठी निघते, तीही याच जातीची.

गोची अशी की रिफंड देणं हे पूर्णपणे त्या अनोळखी माणसाच्या मर्जीवर असतं. पहिल्या दोन वस्तू स्वस्तातल्या असतात, त्यांचे पैसे येतात. तिसऱ्यांदा तुम्ही चार हजारांची वस्तू मागवता आणि नंबर बंद होतो. तक्रार कुठे करणार? वस्तू तर तुम्हाला मिळालेली आहे, आणि बोली मुळात नियमबाह्य होती.

अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्येच वस्तूच्या बदल्यात रिव्ह्यू ही पद्धत बंद केली. त्यांचा स्वतःचा ‘वाइन’ उपक्रम तेवढा चालू आहे, पण त्यात निमंत्रणावरूनच प्रवेश मिळतो. तिथे वस्तू मिळते, पैसे मिळत नाहीत, आणि चांगलंच लिहा अशी अट नसते. बाहेरच्या बोलीवर लिहिलेले रिव्ह्यू सापडले की तुमचे जुने, खरे रिव्ह्यूसुद्धा उडू शकतात आणि खातंही बंद होऊ शकतं. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यातही म्हटलं आहे.

वस्तू न वापरता लिहिणं

मला सगळ्यांत जास्त खटकणारी चूक ही आहे. कंपनीच्या पानावरची माहिती उचलायची, ‘फायदे’ आणि ‘तोटे’ अशा दोन याद्या करायच्या, शेवटी ‘एकंदरीत उत्तम उत्पादन’ म्हणायचं. हल्ली हे एआयकडून लिहून घेतात, म्हणजे तर हातही लागत नाही. असा लेख वाचकाला काहीच देत नाही. त्याला हे सगळं दुकानाच्या पानावर आधीच दिसलेलं असतं. त्यावरून कुणी लिंक दाबत नाही, आणि मग ‘मराठीत कमाई नाही’ असा निष्कर्ष निघतो.

घरघंटीचंच बघा. पंधरा-वीस हजारांची वस्तू, घरात चर्चा करून घेतली जाते, आणि घेण्याआधी माणूस मराठीत शोधतो. त्याला ‘एक एचपी मोटर, आकर्षक रंग, आधुनिक डिझाइन’ एवढंच वाचायला मिळतं. त्याला हवं असतं ते निराळंच. ज्वारीचं पीठ भाकरीला जमेल इतकं बारीक येतं का, की थापताना कडा चिरतात? कोणत्या धान्याला कोणती जाळी? भाजणी दळल्यावर जाळी किती चोंदते आणि साफ करायला किती वेळ जातो? पीठ हाताला किती गरम लागतं? दार उघडल्यावर ओट्यावर किती पीठ सांडतं? फ्लॅटमध्ये दुपारी लावली तर शेजारी बेल वाजवतील का? कंपनीने छापलेला ‘ताशी इतके किलो’ हा आकडा गव्हाचा आहे की बाजरीचा?

विजेचं गणितही करून द्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे तासाला साधारण पाऊण युनिट. मोटर प्रत्यक्षात थोडी जास्त ओढते, हेही सांगा. आठवड्यातून दोनदा एकेक तास दळलं तर महिन्याला सहा युनिटांच्या थोडं वर. ते आपल्या बिलातल्या दराने गुणून गिरणीच्या दळणाशी ताडून बघा, आणि आकडा गिरणीच्या बाजूने निघाला तर तसं लिहा. ‘तुमच्या घरी तीनच माणसं असतील तर घेऊ नका’ असं एक प्रामाणिक वाक्य दहा कौतुकांपेक्षा जास्त विश्वास मिळवून देतं. त्या वाचकाने घरघंटी घेतली नाही तरी मिक्सर घेताना तो तुमच्याकडे परत येतो.

मिक्सरचंही तसंच. ओल्या खोबऱ्याचं वाटण किती पाण्यात बारीक होतं, दाण्याचा कूट करताना तेल सुटतं का, सलग किती वेळ चालवल्यावर तळाचं लाल ओव्हरलोड बटण उडतं. दोन दिवसांत हे कळत नाही. महिनाभर वापरा, मग लिहा, आणि सहा महिन्यांनी त्याच लेखात भर घाला. झाकणाचं रबर सैल झालं, सर्व्हिसला तालुक्याच्या गावी माणूस नाही, असल्या गोष्टी तेव्हाच समोर येतात. वस्तू विकत घेणं परवडत नसेल तर घरात आहे त्यापासून सुरुवात करा. कुकर, इस्त्री, पाण्याचा फिल्टर, मुलांचं दप्तर. घरात आठ वर्षं वापरलेला कुकर असेल तर त्यावर लिहिण्याचा तुमचा अधिकार कुणाही यूट्यूबरपेक्षा मोठा आहे.

कुकरवर लिहिताना आयएसआय मार्क तपासल्याशिवाय शिफारस करू नका. प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे. मार्कजवळ छापलेला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. स्क्रीनशॉट लेखात लावा.

फुकट मिळालेली वस्तू लपवणं

ब्लॉग जरा वाचला जाऊ लागला की छोटे ब्रँड स्वतःहून विचारतात. वस्तू घ्यायला हरकत नाही. लपवायला आहे. केंद्र सरकारची जाहिरातींबाबतची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि जानेवारी २०२३ ची इन्फ्लुएन्सरांसाठीची पुस्तिका, दोन्हींत हे स्पष्ट आहे: पैसे, फुकट वस्तू, सवलत, नातं, नोकरी, काहीही संबंध असेल तर तो वाचकाला ठळक दिसेल असा सांगायचा. हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. योग्य ती शहानिशा करून लिहिलं असेल तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो, म्हणून वापराच्या नोंदी आणि फोटो जपून ठेवा.

लेख मराठीत असेल तर खुलासाही मराठीत आणि सुरुवातीलाच द्या: ‘ही वस्तू कंपनीने विनामूल्य दिली आहे. या लेखातल्या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं.’ वाचक दुरावतील ही भीती अनाठायी आहे. लपवलेलं नंतर बाहेर आलं की मात्र ते नक्की दुरावतात. आणि ‘लेख छापण्याआधी आम्हाला दाखवा’ अशी अट कंपनीने घातली तर तिथेच थांबा.

वाईट अनुभव लिहायलाही घाबरू नका, फक्त शब्द मोजून वापरा. ‘चोर कंपनी’ हा आरोप झाला. ‘अमुक तारखेला तक्रार नोंदवली, तीन आठवडे कुणी आलं नाही’ ही हकीकत झाली, आणि तिला बिलाचा आधार आहे.

क्लिक येतात, पैसे येत नाहीत

ही तक्रार नेहमीची. आधी हे तपासा: तुमच्याच लिंकवरून तुम्ही स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तूचं कमिशन अ‍ॅमेझॉन देत नाही. क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत वस्तू कार्टमध्ये गेली नाही तर ती विक्री तुमच्या नावावर धरली जात नाही. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत हे फार होतं, कारण लोक चार दिवस विचार करतात. वस्तू परत गेली की कमिशनही वजा होतं. लेखात हाताने किंमत टाइप करू नका. ती रोज बदलते आणि अ‍ॅमेझॉनच्या नियमांतही ते बसत नाही.

ब्लॉगवर जाहिराती दाखवणाऱ्या गूगल अ‍ॅडसेन्सचे पैसे १०० डॉलर जमेपर्यंत निघत नाहीत. त्याआधी, १० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो. पत्ता अपुरा लिहिलेला असेल तर पाकीट पोचत नाही आणि पैसे अडकून राहतात. वाडी, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं नीट भरा, आणि पोस्टमनला सांगून ठेवा. घरच्यांना किंवा मित्रांना ‘जाहिरातीवर जरा क्लिक करा’ असं कधीच सांगू नका. त्यावरून खातं बंद होतं आणि सहसा परत उघडत नाही.

हिशेब न ठेवणं

कमिशन आणि जाहिरातींचे पैसे हे उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं. वस्तूंबाबत मात्र अनेकांना माहीत नसतं: जुलै २०२२ पासून, एका कंपनीकडून वर्षभरात २० हजार रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या आणि तुम्ही त्या ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएसची (देतानाच कापायच्या कराची) जबाबदारी कंपनीवर येते. म्हणजे ‘फुकट’ आलेल्या फोनची नोंद तुमच्या पॅनवर होते. वापरून परत पाठवली तर हा प्रश्न येत नाही. मात्र परत पाठवल्याची कुरिअरची पावती आणि कंपनीचा पोच मेल फाइलमध्ये लावून ठेवा.