जुन्या पिकअपला एअर सस्पेन्शन लावायचंय? बलून सगळ्यात शेवटी घ्या

घरात जुनी पिकअप असली की हा विषय आज ना उद्या निघतोच. शेवरोले असो, डॉज-फार्गो असो नाहीतर महिंद्राची विलीजवाली, मुंबईचं आणि ह्या गाड्यांचं नातं जुनं आहे, शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढे कुर्ल्याला प्रीमियरनं डॉज, फार्गो काढल्या. गाडी दणकट असते पण पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगा, मालाच्या वजनासाठी बनवलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर मागची बाजू नुसती उडत राहते, आणि मग कुणीतरी सांगतं की एअर सस्पेन्शन टाकून घे, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बलूनवर गाडी पेल.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, बलून कुठल्या कंपनीचे घेऊ? माझं म्हणणं हे की हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी गाडीचं वजन माहीत पाहिजे, एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि चॅसिस (गाडीची खालची चौकट) यांच्या मधली जागा मोजलेली पाहिजे, आणि चॅसिसला ग्राइंडर लावून कापायचं की नाही हे ठरलेलं पाहिजे. हे तीन झाले की बलून आपोआप ठरतो.

चॅसिसचं आधी सांगतो कारण ते परत फिरवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलंय. त्यात जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली, अशी असेल तर वेगळी नोंदणी आणि व्हीए अक्षरांची नंबर प्लेट मिळते. आता त्यात चारचाकी म्हणजे एम १, म्हणजे प्रवासी वर्ग धरलाय, तेव्हा तुमच्या पिकअपच्या आरसीवर वर्ग काय लिहिलाय ते आधी बघा. पण वर्ग बसत असेल आणि तुम्ही एक्सलला जागा करायला चॅसिसला खाच मारलीत तर ती वाट बंद झाली समजा. म्हणून ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, जे तुमचं आरटीओ असेल तिथे आधी विचारा, इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा, मग गॅरेज.

आता पाट्यांचं. लोकांचा समज असा की पाटा काढला, बलून टाकला, झालं. पण पाटा दोन कामं करतो, वजन तर उचलतोच शिवाय एक्सलला जागच्या जागी धरून ठेवतो, ब्रेक मारला की एक्सल फिरायला बघतो, गियर टाकून उचलली की उलटा फिरायला बघतो, हे सगळं पाटाच अडवतो. बलून फक्त वजन उचलतो, बाकी त्याला काही धरता येत नाही. म्हणजे पाटे काढायचे तर फोर लिंक, एक्सलला चॅसिसशी धरून ठेवणारे चार दांडे, आली, लिंका समांतर असतील तर एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉडही आला, त्यांचे ब्रॅकेट आले, चॅसिसवर वेल्डिंग आलं, आणि प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन परत बसवणं आलं. सत्तर वर्षांच्या पत्र्यावर आणि तेही समुद्राच्या हवेत काढलेल्या, हे काम ज्यानं आधी केलंय अशाच माणसाकडून करून घ्यायचं.

माझा स्पष्ट कल हेल्पर बलूनकडे आहे. पाटे तसेच ठेवायचे, एक्सल आणि चॅसिसच्या मध्ये दोन बाजूंना दोन बलून, ब्रॅकेट यू बोल्टनं कसलेले, कुठेही वेल्डिंग नाही, उद्या काढायचे तर स्पॅनरनं निघतात. मुंबईत जी गाडी रविवारी मरीन ड्राइव्हला जाते आणि कधीमधी हौद्यात सामान टाकून अलिबाग नाहीतर नाशिक करते तिला ह्याच्यापलीकडे काही लागत नाही. पण बलूनच्या आधी पाटे उतरवा. सुटे करून गंज काढा, मध्ये ग्रीस किंवा लायनर द्या, शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) बुश नवे टाका, शॉकअपही बघा. कित्येकदा एवढ्यावरच गाडी इतकी सुधारते की पुढचा खर्च करायचा की नाही हा विचार परत करावा लागतो. बलून येतोय म्हणून एखादा पाटा कमी करायचा असेल तर मुख्य पाटा आणि त्याला बिलगलेला दुसरा, ह्या दोघांना हात लावू नका, बलून वाटेत फुटला तर त्यांच्यावरच घरी यायचंय.

वजन वजनकाट्यावरच करायचं, अंदाज नको. तुर्भे, कळंबोलीकडे जिथे ट्रकांची ये-जा आहे तिथे काटे असतातच, आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. समजा रिकाम्या गाडीचं मागचं वजन ७०० किलो आलं. त्यातून एक्सल, चाकं, ब्रेक वगैरेचे १५० वजा करा कारण ते बलूनच्या खाली आहेत. राहिले ५५०, म्हणजे एका बाजूला २७५ किलो, साधारण ६०६ पाउंड. बलूनचं प्रभावी क्षेत्रफळ २० चौरस इंच असेल तर ६०६ भागिले २०, म्हणजे ३० पीएसआयवर (दर चौरस इंचाला ३० पाउंड दाब) तो गाडी उचलून धरेल. हौद्यात ५०० किलो टाकले की एका बाजूला २५० वाढले, मग ५८ पीएसआयच्या आसपास. ही रेंज चांगली आहे. (हा हिशोब पाटे पूर्ण काढून बलून थेट एक्सलवर बसवला तर, लिंकच्या मध्यावर बसवलात तर त्याला जवळपास दुप्पट जोर लागतो. पाटे ठेवले तर बरंचसं वजन तेच घेतात, प्रेशर बरंच कमी लागतं.)

ह्याच हिशोबानं कळतं की बसचा जुना बलून स्वस्तात मिळाला म्हणून का घेऊ नये. शिवनेरीसारख्या बसचे बलून कितीतरी जास्त वजनासाठी असतात, समजा ४५ चौरस इंचाचा धरला तरी तुमची रिकामी गाडी १३ पीएसआयवरच उभी राहते, तो बलून नीट ताणलेलाच नाही, गाडी डुलते आणि रबराला घड्या पडतात. बलूनचे मुख्य प्रकार दोन, दोन फुगे एकावर एक असल्यासारखा दिसणारा बेलो, तो बुटका आणि जोरकस, आणि नळीसारखा स्लीव्ह, त्याची चाल लांब आणि राइड मऊ. पाट्यांबरोबर हेल्पर म्हणून बेलो बरा. पाटे काढलेत तर जागा असल्यास स्लीव्ह.

जागा मोजताना गाडी जॅकवर घेऊन थांबू नका. घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चॅसिस ठेवा, एक्सल पूर्ण खाली सोडा, मग जॅकनं पूर्ण वर घ्या, आणि दोन्ही टोकांना बलूनच्या जागी त्याच्या फुगलेल्या मापाचा पुठ्ठ्याचा गोल धरून बघा. चारही बाजूंनी बोटभर जागा सुटली पाहिजे. ब्रेकचा पाइप, सायलेन्सर, यू बोल्टची पुढे आलेली टोकं, एवढंसं काही घासलं तरी एका पावसाळ्यात बलून जातो. आणि बलूनच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही, घोडे लागलेच पाहिजेत, ह्यात तडजोड नाही.

पुढच्या बाजूला ५० च्या दशकातल्या पिकअपला सरळ एक्सल आणि पाटे असतात, तिथे मी बलून घालणारच नाही. स्टिअरिंगचा रॉड आणि एक्सल यांची चाल जुळली नाही तर खड्ड्यात गाडी स्वतःच वळायला लागते. बुश, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा), शॉकअप नीट करा, बस्स.

हवेचं सामान. हेल्परला सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रत्येक बलूनला ट्यूबसारखा वॉल्व्ह, पेट्रोल पंपावर भरा, संपला विषय. फक्त डावा-उजवा एकाच पाइपला जोडू नका, घाटात वळणावर हवा ह्या बाजूची त्या बाजूला जाते आणि गाडी आणखी कलते. किमान प्रेशर कंपनीनं दिलेलं असतं, साधारण ५ ते १० पीएसआय, त्याच्या खाली कधी सोडायचं नाही, रिकामा बलून चिमटतो आणि फाटतो.

कॉम्प्रेसर आणि टाकी हवीच असेल तर आधी वायरिंग बघा. १९५५ च्या आधीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टच्या, काहींना तर पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं), आणि कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा, म्हणजे आधी अल्टरनेटर आणि १२ व्होल्ट, रिले, बॅटरीजवळ फ्यूज. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा तापलेली असते, तिथे थेट नायलॉनचा पाइप लावला तर वितळतो, आधी जाळीचा होज, मग चेक वॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा), मग टाकी. टाकीला सेफ्टी वॉल्व्ह आणि बुडाला पाणी काढायचा कॉक हवाच. आपल्याकडची हवा दमट, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कॉक उघडा, पाणी निघतंच. आणि कॉम्प्रेसर चॅसिसच्या खाली नको, हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की पहिला तोच जाईल, हौद्याच्या पुढच्या भिंतीशी उंचावर लावा, हवा ओढायचा फिल्टर केबिनमध्ये घ्या. पाइप पाव इंची पुरे, जाड पाइपनं गाडी पटकन वरखाली होते, पण थोडीशी उंची जुळवायला बारीकच बरा. फिटिंग नागदेवी स्ट्रीटला मिळतं, पण ब्रेकच्या एअर लाइनचाच नायलॉन मागा.

कंट्रोल घेताना केबिनमध्ये गेज आणि हाताचे वॉल्व्ह, माझी पसंती हीच, जुन्या डॅशबोर्डला शोभतंही. डिजिटल घ्यायचं असेल तर उंची मोजणारं घ्या, नुसतं प्रेशर मोजणारं नको, कारण हौद्यात माल पडला की तेवढ्याच प्रेशरला गाडी खाली बसते आणि त्याला वाटतं सगळं ठीक आहे.

बसवून झाल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी ब्रशनं लावा. मोठा बुडबुडा लगेच दिसतो पण बारीक गळती पांढऱ्या फेसासारखी हळूहळू जमते, म्हणून दोन मिनिटं टॉर्च धरून थांबा. पाइप तिरका कापलेला असला की गळती बहुतेक तिथेच असते, ब्लेडच्या कटरनं सरळ कापून परत बसवा. मग प्रेशर लिहून ठेवून गाडी रात्रभर उभी करा आणि सकाळी ऊन चढायच्या आत गेज बघा. चाकांचं अलाइनमेंट रोजच्या उंचीवरच करून घ्या, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे यू बोल्ट परत कसा, पाटे बसले की ते सैल पडतातच.